यासिकाचं क्रॉसिंग

वर जाणारी गाडी वर गेली. खाली जाणारी खाली गेली. फलाटावर नेवेना तेवढी उरली.

ती नळाचं पाणी प्यायला उतरली होती. यासिकाच्या झऱ्याचं पाणी घशाला चांगलं, असं गाडीतल्या तिकीट तपासणाऱ्या त्सोन्का मावशींनी सांगितलं होतं. घसा बरा झाला आणि गाडी गेली. पाऊस आणि बर्फ यांचं एकमत न झाल्यामुळे दोन्ही अर्धवट पडत होते. खांद्यावर पडलेलं झटकावं तर ते बर्फ नसायचं, पुसावं तर पाणी नसायचं.

लाल टोपी घातलेला स्टेशनमास्तर हातातली हिरवी तबकडी काखेत मारून तिच्यापाशी आला. उंच, जरा पुढे वाकलेला माणूस. कमी उंचीच्या दारांतून वर्षानुवर्षं ये-जा केली की माणसं अशी होतात.

"गेली," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"दोन्ही गेल्या."

"तेही दिसतंय."

"कोणती हवी होती?"

"वरची."

"मग निम्मंच नुकसान झालं म्हणायचं." त्याने रुळांकडे पाहिलं. "पूर्वी गाड्या इथे जरा टेकायच्या. समोरासमोर उभ्या राहायच्या, माणसं पाणी प्यायची, खिडक्यांतून एकमेकांची विचारपूस व्हायची. मागच्या वर्षी शहरात बसून कुणीतरी इथली दोन मिनिटं कापली. कोण महाभाग आहे कोण जाणे."

महाभाग त्याच्यासमोरच उभा होता. नेवेना प्लोव्दिवच्या ऑफिसात वेळापत्रक विभागात गाड्यांचे आलेख काढायची. ती दोन मिनिटं तिनेच खोडली होती, चांगल्या खोडरबराने, डाग न पाडता. त्याबद्दल महिलादिनाला तिला इतर बायकांपेक्षा कार्नेशनचं एक फूल जास्त मिळालं होतं.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबणं भाग होतं. स्टेशनच्या खोलीत शेगडी होती, तिच्यावर डोंगरी वनस्पतींचा चहा उकळत होता, आणि भिंतीवर या मार्गाचा आलेख चिकटवलेला होता. तो तिच्याच हातचा होता. ब्रेस्त स्टेशनच्या नावातला र तिला कधीच नीट जमत नसे, तो इथेही जमलेला नव्हता.

"आपण काय करता?" त्याने कप पुसत विचारलं.

खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं. पण त्याने कप इतका मन लावून पुसला की तिला ते जमलं नाही.

"वेळापत्रक विभागात असते."

त्याने कप खाली ठेवला. परत उचलला. चहा ओतला.

"साखर?"

"एक."

"दोन घ्या. तुमच्याकडे दोन कापण्याची पद्धत आहे, आमच्याकडे घालण्याची."

तिने एकच घेतली. चूक कबूल करायला तिची हरकत नव्हती, पण चहा गोड करून नव्हे.

त्याचं नाव स्तामेन. बायको चार दिवस राहायला म्हणून शहरात गेली होती आणि तिथेच राहिली होती, ही माहिती त्याने हवामान सांगावं तशी सांगितली. मग दोघे भिंतीवरच्या कागदाकडे बघत बसले.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "रोज बघतो हा कागद, पण मला तो माशाच्या जाळ्यासारखा दिसतो. शाळेत एकसामयिक समीकरणांत नापास झालो होतो मी. क्ष हाती लागला की य पळायचा."

"तुम्ही तर ती रोज सोडवता. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

"मी?"

ती उठली आणि कागदावर बोट ठेवलं. "आडवी वेळ. उभी स्टेशनं. खाली ब्रोद, मध्ये तुमचं यासिका, वर ब्रेस्त. ही चढत जाणारी रेष म्हणजे वरची गाडी. ही उतरणारी, खालची. रूळ एकच. दोघींनाही मान्य होईल अशी एकच वेळ आणि एकच जागा आहे. रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते उत्तर. आकडेमोड नको, काही नको. काढा आणि बघा."

तिचं बोट छेदनबिंदूवर थांबलं होतं. तो बघत होता ते बोटाकडे की बिंदूकडे, हे तिला मान वळवल्याशिवाय कळलं नसतं... आणि तिने मान वळवली नाही.

"म्हणजे उत्तर मी आहे?"

"उत्तराच्या जागेवर लाल टोपी घालून उभे असता. फार खूश होऊ नका."

"आणि रेषा भेटल्याच नाहीत तर?"

"समांतर. उत्तर नाही."

"एकीवर एक पडल्या तर?"

"मग उत्तरंच उत्तरं. रेल्वेत ते चालत नाही. लग्नात चालतं म्हणतात."

"तिथेही नाही चालत," स्तामेन म्हणाला, आणि शेगडीत लाकूड सारलं.

संध्याकाळी परतीची गाडी आली. डब्याच्या दाराशी धरायची लोखंडी मूठ ओली, बर्फाळ होती. नेवेना हात घालणार तेवढ्यात त्याने पुढे होऊन ती आपल्या बाहीने पुसली आणि बाजूला झाला. गणवेशाची बाही होती ती, सरकारी. गाडी हलल्यावर नेवेनाच्या लक्षात आलं की ती ज्या कामासाठी वर चालली होती ते काम राहूनच गेलं, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटत नाहीये.

त्यानंतर रोज सकाळी वेळापत्रक विभागातला टेलिफोन वाजू लागला.

"यासिका बोलतोय. क्रॉसिंग झालं."

"हे कंट्रोलला सांगायचं असतं."

"त्यांना सांगितलं. ते नुसतं बरं म्हणतात."

"मग मी काय म्हणायला हवं?"

"तुम्ही पण बरंच म्हणा. पण जरा सावकाश म्हणा."

ती सावकाश 'बरं' म्हणायची. हिवाळाभर तिने हे केलं. बाकी बोलणं हवेचं, लाकडांचं, ब्रेस्तच्या र चं. शनिवारी त्सोन्का मावशी गाडीतून उतरून थेट ऑफिसात यायच्या आणि टेबलावर आक्रोडाच्या मुरंब्याची बरणी आदळायच्या.

"घ्या. तुमच्या लाल टोपीने पाठवलंय. मी तिकिटं तपासते की हमाली करते, मलाच कळेनासं झालंय. पुढच्या वेळी डुक्कर पाठवेल."

"मावशी, हळू बोला."

"कशाला हळू? सगळ्या डब्याला ठाऊक आहे. तुम्हा दोघांनाच काय ते अजून कळायचंय."

फेब्रुवारीत हुकूम आला. चीफ कॉम्रेड पेन्कोव यांनी तो सगळ्यांसमोर वाचला, मग चष्मा काढून नेवेनासाठी पुन्हा सांगितला. एप्रिलपासून त्या मार्गावर वर जायला नवी डिझेलगाडी. जुन्यापेक्षा जलद. आलेख नव्याने काढायचा. आणि काटकसर म्हणून ज्या स्टेशनात क्रॉसिंग नसेल तिथे माणूस नसेल. खोलीला कुलूप, पाटी तेवढी राहील. कुणी हात केला तर गाडी थांबेल.

"आणि तिथला माणूस?" नेवेनाने विचारलं.

"इथे. आपल्याच इमारतीत, तळघरात. मालवाहतुकीच्या पावत्या लावायला माणूस हवाच आहे."

नेवेना जागेवर येऊन बसली. जलद गाडी म्हणजे चढती रेष जास्त उभी. जास्त उभी म्हणजे ती उतरतीला वर जाऊन भेटणार. किती वर, एवढाच प्रश्न होता. यासिकालाच भेटली तर स्तामेन तिथे. ब्रेस्तला भेटली तर स्तामेन इथे, जिन्याखाली, रोज. समीकरण सोडवणाऱ्याला उत्तराबद्दल स्वतःचं मत असू नये असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. तिने दोन पेन्सिलींना टोक केलं आणि आपल्याला नक्की कुठलं उत्तर हवंय, याचा विचार करायचं टाळलं.

"काय म्हणतायत रेषा?" टेलिफोनवर तो विचारायचा.

"अजून काही म्हणत नाहीत."

एकदा तो आपणहून बोलला. "इथे ब्रेड खालच्या गाडीने येतो आणि औषधं वरच्या गाडीने. पण लोक त्यासाठी येत नाहीत फलाटावर. दोन गाड्या भरून तोंडं बघायला मिळतात म्हणून येतात. गावात आता तोंडं थोडी उरलीत आणि सगळी पाठ झालीत." मग जरा थांबून, "हात केल्यावर गाडी थांबणार म्हणे. आमच्या मिन्यो आजोबांचा हात वर जाईपर्यंत गाडी ब्रेस्तला पोचेल."

एक मार्चला आमच्याकडे सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात. करकोचा दिसेपर्यंत किंवा झाडाला पहिलं फूल येईपर्यंत तो काढायचा नाही, मग त्या झाडालाच बांधायचा. ऑफिसात युनियनतर्फे सगळ्यांना सारखे, बारीक, कारखान्यातले दोरे वाटले गेले. नेवेनाचा मात्र जाडजूड होता. तो त्सोन्का मावशींनी आणला आणि स्वतःच्या हातांनी बांधला.

"लोकर मिन्यो आजोबांच्या मेंढीची. मेंढी मेली. म्हातारी होऊन मेली, असं तोंड करू नकोस."

पक्का आलेख पोलादी पट्टीने काढतात. पण त्याआधी गाड्या पुढेमागे सरकवून बघायच्या असतात, म्हणून फळ्यावर टाचण्या टोचून त्यांच्यावर रेशमाचा धागा ताणायचा, ही आमच्या ऑफिसची जुनी पद्धत. रेशीम संपलं होतं. मागणी केलेली होती, आणि मागणी ज्या टेबलावर होती तो माणूस आजारी होता. नेवेनाने इकडेतिकडे पाहिलं, मनगटावरचा दोरा सोडला, त्याचा पीळ उलगडला. लाल वरच्या गाडीला, पांढरा खालच्या गाडीला. करकोचा न दिसता दोरा सोडणं अशुभ, असं तिची आई म्हणाली असती. पण आई वेळापत्रक विभागात नव्हती.

लाल धागा पांढऱ्याला छेदून गेला. कुठे, ते बघायला तिने दिवा जवळ घेतला.

यासिका. अगदी बरोबर यासिका, नावावरच्या रेघेवर.

मग तिने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. पट्टी न लावता टेलिफोन लावला.

"वाचलं," ती म्हणाली. "तुमचं स्टेशन वाचलं."

पलीकडे घंटा वाजली. स्टेशनची पितळी घंटा, जी फक्त गाडी सुटताना वाजवायची असते. गाडी नव्हती.

दुपारनंतर कॉम्रेड पेन्कोव आले. फळ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग बोटाने लाल धाग्यावर टिचकी मारली. धागा सावकाश हलला, एखाद्या जाड माणसाने होकार द्यावा तसा.

"लोकर?"

"लोकर."

"लोकर झोळ खाते, कॉम्रेड. या दमट खोलीत तर पोट सुटतं तिला." त्यांनी पोलादी पट्टी लावली आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत पेन्सिल ओढली. रेष धाग्याच्या वरून गेली. यासिकाला तिने ओळखही दाखवली नाही. ब्रेस्तला भेटली. त्या वाकड्या र वर. "हे उत्तर," पेन्कोव म्हणाले आणि घरी गेले.

चूक टेलिफोनवर केली होती, पण तिची दुरुस्ती टेलिफोनवर करता येईल असं नेवेनाला वाटलं नाही. रविवारी ती वर गेली.

फलाटाच्या कडेचे दगड पांढरे रंगवलेले होते. फलाटावर टेबलं मांडली होती, शेपू घालून शिजवलेला राजमा होता, चीज भरून भाजलेली बानित्सा होती, अलुबुखारची दारू होती. सगळं गाव जमलं होतं आणि तरी बाकं रिकामी दिसत होती. मिन्यो आजोबांनी पेला उचलला. हात खरंच फार सावकाश वर गेला.

"आता शहरात आपलं माणूस आहे," ते म्हणाले, आणि सगळे नेवेनाकडे बघून हसले. ज्यांना दात होते त्यांनी ते दाखवले.

नेवेनाने राजम्याची थाळी बाजूला सरकवली. नळापाशी स्तामेनला एकटं गाठून तिने सांगितलं. लोकर, झोळ, पट्टी, ब्रेस्त. काही लपवलं नाही. त्याने ऐकून घेतलं. मागे कुणीतरी ॲकॉर्डियन सुरू केलं आणि एका ठिकाणी अडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"रंग उगाच वाया गेला," तो शेवटी म्हणाला. "दगडांचा."

"तुम्हाला तळघरात जागा आहे. आमच्याच इमारतीत."

"ऐकलं."

"म्हणजे... रोज दिसाल."

"दिसेन. पण कसा दिसेन, ते विचारा."

"कसे?"

"कुलूप लावलेल्या स्टेशनासारखा. पाटी असेल जागेवर." त्याने टोपी काढून झटकली. "मी कागद लावणारा माणूस नाही, बाई. मला दोन गाड्या समोरासमोर लागतात. मी नसलो तर त्या भेटत नाहीत, एवढीच माझी किंमत आहे आणि मला ती पुरते. तिकडे आलो तर बदली होऊन येईन. तुमच्यासाठी आलो असं मलाही कधी वाटणार नाही, तुम्हालाही नाही."

एवढं सरळ आजवर तिच्याशी पोलादी पट्टीच काय ती बोलली होती.

"रेष बदलता येते," ती म्हणाली. "वाकवता नाही येत, सपाट करता येते. गाडी इथे आणून उभी करायची आणि खालची येईपर्यंत थांबवायची. आलेखावर सपाट रेष म्हणजे वेळ चालते, गाडी चालत नाही. पण ते उत्तर नव्हे. ती लबाडी."

"मग मी ती मागणार नाही."

"मागू नका."

"नाहीच मागत. माझ्या हातात तबकडी असते, पेन्सिल नसते."

गावाला त्या दिवशी दोघांनीही काही सांगितलं नाही. संध्याकाळची गाडी आली. त्याने बाहीने मूठ पुसली. या वेळी मूठ कोरडी होती.

सोमवारी नेवेनाने पट्टी घेतली आणि आयुष्यातली पहिली चुकीची रेष अत्यंत सुबकपणे काढली. लाल रेष ब्रोदहून चढली, यासिकाला आली, तिथे आडवी झाली, खालची येईपर्यंत तशीच आडवी राहिली, मग पुढे चढू लागली. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं: इंजिन थंड करणे.

कॉम्रेड पेन्कोवनी कागद उजेडात धरला.

"या डोंगरात? मे महिन्यापर्यंत तिथे बर्फ असतं."

"चढण मोठी आहे."

"वर क्षयरोग्यांचं आरोग्यधाम आहे. तिकडे जाणारे रोज गाडीच्या खिडकीतून काय बघणार? इंजिन थंड होताना?"

"हवा चांगली आहे तिथली. पाणीही."

पेन्कोव यांचा घटस्फोट झाला होता, मुलगी परदेशी होती, आणि ते जेवणाच्या सुट्टीत एकटेच पाव खायचे. त्यांनी चष्मा पुसला. नेवेनाला वाटलं, आता कागद फाडणार.

"पट्टी लावली होती ना या वेळी?"

"लावली होती."

"हं." त्यांनी कागद टेबलावर ठेवून सपाट केला. "गाडी उभी ठेवायची तर तेवढा वेळ कुठूनतरी वाचवायला हवा. वरून विचारतील. त्या मार्गावर काहीतरी कापा, मग सही करतो." आणि त्यांनी आपलं खोडरबर तिच्यापुढे सरकवलं.

त्या मार्गावर कापण्यासारखं एकच होतं. संध्याकाळची जोडी. एक वर जाणारी, एक खाली येणारी. संध्याकाळी यासिकाला कोण जातं? आणि यासिकाहून संध्याकाळी कोण परत येतं... याचं उत्तर ऑफिसात फक्त नेवेनाला ठाऊक होतं. तिने खोडलं. चांगल्या खोडरबराने, डाग न पाडता.

नवा कागद यासिकाला पोचला त्या सकाळी टेलिफोन जरा उशिरा वाजला.

"सपाट आहे," तो म्हणाला.

"हो."

"इंजिन थंड करणे असं लिहिलंय."

"हो."

"इथे गुडघाभर बर्फ आहे."

"मग लवकर थंड होईल."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग कागद सरकल्याचा आवाज. "संध्याकाळची गाडी दिसत नाही."

"कापली."

"का?" आणि तिने सांगायच्या आधीच, "कळलं." मग तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही वर आलात तर..."

"समोरच्या गाडीने लगेच परत. इंजिन थंड होईपर्यंत काय ते."

"पुष्कळ झालं की," स्तामेन म्हणाला. त्याने हे अशा आवाजात म्हटलं की टोक असलेल्या पेन्सिलीला नेवेनाने पुन्हा टोक केलं.

नवं वेळापत्रक लागू झालं आणि नेवेना रविवारी वर जाऊ लागली. डिझेलगाडी यासिकाला यायची, थांबायची. ती उतरायची. समोरून खालची गाडी यायची. ती फलाट ओलांडून तिच्यात चढायची. भूमितीत छेदनबिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. आमच्या रेल्वेत त्याला एका नळाइतकी रुंदी होती आणि एका चहाइतकीही लांबी नव्हती. चहा उकळेपर्यंत खालची गाडी यायची. पहिल्या रविवारी शब्द सुचेपर्यंत शिट्टी झाली. दुसऱ्या रविवारी दोघे एकदम बोलले आणि दोघेही 'तुम्ही आधी' म्हणून थांबले. एकदा तिने त्याच्या कोटाचं लोंबणारं बटण पाहिलं, सुईदोरा घेऊन पुढच्या रविवारी आली, आणि अर्धवट शिवून गेली. आठवडाभर तो सुई लटकलेल्या कोटाने गाड्या सोडत होता.

आरोग्यधामाला जाणारे खोकत खिडक्यांना नाकं लावून बसायचे.

"इंजिन थंड होतंय म्हणे," त्सोन्का मावशी डब्यात जाहीर करायच्या. "मला विचाराल तर तापलेलं दिसतं."

गावाला सत्य हळूहळू कळलं, मावशींकडूनच. मिन्यो आजोबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्यांची मेंढी जिवंतपणीही अशीच होती, सरळ कधी चालली नाही.

पण रविवार साचत जातात तसं त्यांचं ओझं होतं. येताना नेवेना खिडकीशी बसायची आणि जाताना दाराशी, पाठ फिरवून. स्टेशन वाचलं होतं, माणूस जागेवर होता, रेषा रोज बिनचूक भेटत होत्या आणि भेटल्या क्षणापासून लांब जात होत्या. दोन सरळ रेषा दुसऱ्यांदा भेटत नाहीत, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, मार्क मिळाले होते.

एप्रिल सरताना फलाटाशेजारच्या अलुबुखारला फूल आलं. एकच फांदी, तीही घाबरत घाबरत. नेवेनाने पर्समधून लाल आणि पांढरा धागा काढला. दोघांनाही टाचण्यांची भोकं पडली होती. तिने त्यांना पुन्हा पीळ द्यायचा प्रयत्न केला. पुन्हा तीच अर्धवट भुरभुर सुरू झाली होती, पाऊस म्हणवत नव्हता, बर्फ म्हणवत नव्हतं. बोटं गारठलेली, लोकर ओली. गाठ बसेना.

खालची गाडी आली. स्तामेनने डिझेलगाडीला तबकडी दाखवली. ती वर गेली. मग तो दुसऱ्या गाडीकडे वळला आणि थांबला. नेवेना अजून झाडाशी होती.

"चढा," तो म्हणाला.

"गाठ बसत नाहीये."

"मी बांधतो मागाहून. चढा."

"ज्याचा दोरा त्यानेच बांधायचा असतो."

"नेवेना." हे नाव तो पहिल्यांदाच घेत होता, आणि घेतल्यावर त्याला पुढचं वाक्य आठवेना. "संध्याकाळची गाडी..."

"कापली."

"हो. तूच."

"मलाच काय सांगतोस?"

त्सोन्का मावशींची पाळी त्या दिवशी खालच्या गाडीवर होती. त्या पायरीवर उभ्या होत्या, छत्री नसलेल्या आणि घाईत. "बाई, येतेस का? डब्यात सगळे माना वाकड्या करून बसलेत. उद्या सोमवार आहे."

"उद्या गाडी आहे ना?"

"आहे की. सकाळची. हीच."

"मग तुम्ही व्हा पुढे."

मावशींनी तोंड उघडलं. त्या मार्गावरच्या त्यांच्या सगळ्या नोकरीत ते पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं गेलं. त्यांनी स्तामेनकडे पाहिलं. स्तामेनने रुळांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग तबकडी वर केली. हात त्याचाही फार सावकाश वर गेला.

गाडी गेली. दोन्ही गेल्या.

गाठ एकदाची बसली. सुबक नव्हती, लाल धाग्याने तिथेही झोळ खाल्ला होता. आलेखाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पुढील बदलापर्यंत लागू' असं छापलेलं असतं. हिवाळ्यात नवा आलेख निघणार होता, नवा हुकूम येणार होता, आणि पुन्हा लोकर चालणार नव्हती. हे त्या दोघांइतकं त्या खोऱ्यात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोघांपैकी कुणी बोललं नाही. तो दार धरून उभा राहिला, ती वाकून आत गेली. दार कमी उंचीचं होतं, पण तिच्या उंचीला वाकायचं कारण नव्हतं.

शेगडीवर चहा उकळत होता. त्याने कप पुसला, तसाच, मन लावून.

"साखर?" त्याने विचारलं.

"दोन," नेवेना म्हणाली.